अक्कांना विचारा : वाळू दे की जरा

हस्ताचा पाऊस परवा रात्री कौलांवर शेवटचा ताशा वाजवून गेला. सकाळी शहापुरात असं ऊन पडलं की गल्लीतली प्रत्येक बाई काही ना काही उचलून उन्हात निघाली. गाद्या, उशा, डाळीचे डबे, नवऱ्याचा लग्नातला कोट. समोरची विचारते, ‘काय करुलैस गे?’ आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचं गाठोडं सोडते. मीही सोप्यात तुमच्या पत्रांचा गठ्ठा पसरून बसले. त्यालासुद्धा कुबट वास येत होता.

दार, भिंत, अनारसे, किल्ला. विचारणारे निरनिराळ्या गावचे, पण दुखणं बहुतेकांचं एकच. चार महिने पाणी प्यालेली वस्तू दिवाळीच्या आत कोरडी करायची घाई. माझी सून गोकाकची. मी आश्विनात एखादं काम काढलं की म्हणते, ‘अत्ते, नाळे माडोण.’ उद्या करू. पहिली काही वर्षं मला या ‘नाळे’चा फार राग यायचा.

*

‘अक्का, आमचं पुढचं दार सागवानी, वडिलांच्या वेळचं. पावसाळ्यात जड होतंच, पण यंदा खालचा कोपरा उंबऱ्यावर घासून चंद्रकोर उमटली आहे. सुतार म्हणतो, खालून दोन सूत रंधा मारू. दसऱ्याआधी मारून घेऊ का?’
– निवृत्त मास्तर, निपाणी

मास्तर, सुताराला चहा पाजा आणि परत पाठवा.

माझे वडील सुतार होते. दिवाळीचा पाडवा होईपर्यंत कुणाच्या दाराला रंधा लावायचा नाही, असा त्यांचा नेम. गिऱ्हाईक चिडायचं. वडील म्हणायचे, आत्ता काढलेलं लाकूड फाल्गुनात कुठून आणून चिकटवू? पावसात फुगलेलं दार तासून बसवलं की उन्हाळ्यात ते आकसतं आणि फटीतून पाल आत येते.

पण तुमच्या दाराचं दुखणं मला पावसाचं वाटतच नाही. लाकूड फुगतं ते रुंदीला, लांबीला जवळजवळ नाही. पावसानं अडलेलं दार कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत चौकटीला घट्ट बसतं. तुमचा घासतोय फक्त खालचा कोपरा, आणि तोही चंद्रकोर काढत. याचा अर्थ दार खाली उतरलंय. अर्धं उघडा, कडीला धरून वर उचलून बघा. खडखडलं, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल आहेत. जुन्या चौकटीत भोकं मोठी होतात आणि स्क्रू नुसते शोभेला राहतात.

दाराखाली पाचर सारून त्याचं ओझं तोला. एकेक स्क्रू काढून भोकात बांबूच्या बारीक काड्या फेव्हिकॉल लावून ठोका, बाहेर आलेलं टोक कापा, रात्रभर सोडा. सकाळी आधीच्यापेक्षा अर्धा इंच लांब स्क्रू घाला. सगळे स्क्रू एकदम काढू नका. दार अंगावर येईल, आणि सागवानी दार अंगावर आलं की पुढचं पत्र दवाखान्यातून येतं. एवढं करूनही कडीकडची बाजू थोडी अडत असेल तर तिथं मेणबत्ती घासा.

दाराची खालची धारही बघून ठेवा. रंगारी दोन्ही अंगांना रंग देतो. खालच्या धारेला कुणी देत नाही, कारण ती दिसत नाही. पाणी तिथूनच चढतं. तिला व्हार्निश हवं, पण ते माघात. आत्ता मारलंत तर ओल आतच कोंडेल.

*

‘घर मातीच्या भिंतींचं आहे, बाहेरून तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केलेला. आतून चुना होता. यंदा खालच्या भागात खार फुटलाय, पोपडे पडतायत. दिवाळी तीन आठवड्यांवर. रंगारी म्हणतो, पुट्टी भरून प्लॅस्टिक पेंट मारू, चकाचक होईल.’
– सुनंदन, वडगाव

होईल की चकाचक. संक्रांतीपर्यंत.

हे मी ऐकीव सांगत नाही. थोरल्याच्या लग्नाच्या वर्षी आमच्या सोप्याच्या भिंतीला अशीच पुट्टी भरून घेतली. रंगाऱ्याला पुढचं काम होतं, मला पाहुण्यांची घाई. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला विहीणबाई भिंतीला टेकून बसल्या आणि उठल्या तेव्हा पाठीवर हातभर पोपडा घेऊन उठल्या. बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. अजूनही बोलत नाहीत, पण भिंतीला टेकतही नाहीत.

मातीची भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि दोन्ही अंगांनी हवेत सोडते. बाहेरचं अंग तुम्ही सिमेंटनं बंद केलंत. आता पाणी सगळं आत येतंय आणि येताना विरघळलेला क्षार आणतंय. पाणी उडून जातं, क्षार चुन्यामागे साठतो, फुगतो आणि चुन्याला ढकलतो. आतलं अंगही प्लॅस्टिक पेंटनं बंद केलं, तर पाणी आणखी वर चढेल. आज गुडघ्याला आहे, पुढच्या वर्षी कमरेला.

खात्री करायची तर पोपडा नसलेल्या जागी दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा. एक दिवस, एक रात्र. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीची. खोलीकडच्या बाजूला जमले तर ओल हवेची. मग खिडक्या उघडा आणि आत कपडे वाळत घालणं बंद करा.

मग बाहेर एक चक्कर मारा. भिंतीला लागून मातीचा ढीग, कुंड्या, फुटकी पन्हळ, न्हाणीचं वाहतं पाणी यातलं एक तरी सापडेलच. ते आधी हटवा. आतला खार कोरड्या ब्रशनं झाडा आणि सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्यानं धुऊ नका. धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीत शिरतो.

दिवाळीला पांढरं दिसायचं असेल तर चुनाच द्या. लोखंडी बादली अर्धी पाण्यानं भरायची आणि कळीच्या चुन्याचे खडे एकेक करून पाण्यात सोडायचे. कळीवर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटते, शिंतोडे उडतात; डोळ्यांना चष्मा हवा आणि पोरं लांब हवीत. प्लॅस्टिकची बादली वितळेल. रात्रभर मुरवा, सकाळी फडक्यातून गाळा, ताकाइतका पातळ करा, चिमूटभर नीळ टाका. दोन-तीन पातळ हात. चुना देण्याआधी भिंत ओलसर करून घ्यायची असते. तुमचं तेवढं काम वाचलं.

बाहेरचं सिमेंट उन्हाळ्यात खरवडायला लागणार. पण हे मी दिवाळीनंतर परत सांगेन, आत्ता तुमच्या जिवावर येईल.

*

‘अक्का, माझं माहेर अथणीचं, सासर जांबोटीजवळचं. आईच्या वहीतले अनारसे मी तिच्याबरोबर वीस वेळा केलेत, एकदाही बिघडले नाहीत. इथं आल्यापासून दोन दिवाळ्या अनारसा तुपात सोडला की हसतो. पसरून जाळी जाळी होते, मग भुगा. सासूबाई काही म्हणत नाहीत, पण जाऊबाई हसतात. अनारशापेक्षा जास्त.’
– नवी सून, खानापूर तालुका

बाळ, तुझ्या आईची वही बरोबर आहे आणि तुझा हातही. चुकतेय ती हवा.

आईनं काय लिहिलंय ते मला न बघता सांगता येतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून सावलीत अर्धा तास पसरायचे. अथणीला ते खरं आहे. तिकडं आश्विनात फडकं टाकलं की कडक होतं. तू आता मलप्रभेच्या उगमाजवळ राहतेस. कणकुंबी-जांबोटीला पडतो तो पाऊस अथणीच्या कितीतरी पट, आणि तो संपला तरी हवेतून जात नाही. तिथं अर्ध्या तासात तांदळाचं पाणीसुद्धा निथळत नाही. ओल्या तांदळाचं पीठ ओलं, त्यात गूळ पडला की तो सुटतो, गोळा सैल होतो, आणि सैल गोळा तुपात हसतो.

तेव्हा घड्याळ बघू नकोस. मूठ बघ. पसरलेल्या तांदळाची मूठ आवळायची आणि उघडायची. तळहात चमकला तर अजून ओले. दाणे सुटे होऊन घरंगळले तर जास्त वाळले. हाताला गार लागतात, दाणे किंचित धरून राहतात पण हात कोरडा, ही वेळ. तुझ्याकडं त्याला दीड तास लागेल, ढगाळ असेल तर तीन. आमच्याकडं शहापुरात मधलं काहीतरी. उन्हात मात्र घालू नकोस, वरून कडक आणि आतून ओले राहतात.

तांदूळ कुठला घेतेस? घरच्या शेतातला इंद्रायणी असणार. तो भाताला गोड, अनारशाला चिकट. जाडा, वर्षभराचा जुना घे. पीठ बारीक चाळणीनं चाळ आणि वाटीभर पिठाला पाऊण वाटी किसलेला गूळ, दाबून नाही. चमचाभर तूप. गोळा घट्टच वाटला पाहिजे. डब्यात तीन-चार दिवस मुरला की आपोआप सैल होतो. पहिल्याच दिवशी मऊ लागला तर समज, हसणार.

तळायच्या दिवशी आधी एकच सोड. हसला, तर गोळ्यात थोडं कोरडं तांदळाचं पीठ मळ आणि परत एक सोड. तूप गार असलं तरी अनारसा विरतो, तेव्हा दोष गोळ्यावर टाकण्याआधी तुपात राईएवढा तुकडा टाकून बघ. उलट, अनारसा दगड झाला तर पिकल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळ. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्यानं वर तूप उडवायचं, हे तुला मी सांगायला नको.

आणि पहिली परात जाऊबाईंना तळायला दे.

*

‘तुमच्या सांगण्यावरून धणे फोडून पेरले. बारा दिवस झाले, एक कोंब नाही. मिक्सरला दोनच फेरे दिले होते.’
– एक गृहिणी, संकेश्वर

मिक्सरला! अहो, ती धणेपूड झाली. चूक माझीच, मी गेल्या अंकात ‘फोडून’ एवढंच लिहून मोकळी झाले. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया जोडलेल्या असतात. त्या सुट्या व्हाव्यात एवढंच काम. जाड फडक्यात घालून वरून हलक्या हातानं लाटणं फिरवायचं. मग रात्रभर भिजवून पेरायचे. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर मुंग्यांवर लक्ष ठेवा, त्यांनाही धणे आवडतात. धीर नसेल तर शेजारी मेथी टाका, चार दिवसांत वर येते आणि मन रमतं.

*

‘शेवंतीच्या चार कुंड्या आहेत. परसातल्या दोघींना कळ्या लागल्या. दारातल्या दोघी कमरेएवढ्या वाढल्या, पानं काळीभोर, पण कळीचं नाव नाही. खत चौघींना सारखं, पाणी सारखं. लक्ष्मीपूजनाला दारातलीच फुलं हवी होती.’
– आक्काताई, हुक्केरी

खत-पाण्याचं सोडा. रात्री दाराबाहेर उभ्या राहा आणि वर बघा. दिवा आहे ना?

शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. आश्विनात रात्र पुरेशी लांब झाली की तिला कळतं, आता फुलायचं. दारावरचा पांढरा दिवा रात्रभर जळत असेल तर तिच्या लेखी अजून आषाढच चाललाय आणि ती नुसती वाढत राहते. माझ्याकडंही असंच झालं होतं. मी दोन वर्षं शेणखत बदलत बसले, आणि कारण डोक्यावर लोंबत होतं.

दोन्ही कुंड्या आजच परसात न्या. नेता येत नसतील तर संध्याकाळी सहाला काळं जाड कापड काठ्यांवर टाका आणि सकाळी सातला काढा, कळ्या दिसेपर्यंत रोज. एक रात्र विसरलात तर तिची मोजणी चुकते. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला ती फुलणार नाही हे आधीच सांगते; कळी धरून फूल उमलायला दोन महिने तरी जातात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना मिळतील. पुढच्या वर्षी गणपती गेले की शेंडे खुडणं थांबवा, नाहीतर कळीची जागाच तुम्ही खुडाल.

*

‘आई गेल्या चैत्रात गेली. तिच्या सहा इरकली नऊवारी साड्या ट्रंकेत आहेत. वहिनी म्हणतात, बोहारणीला द्या. मला वाकळ शिवायची आहे. सुई कधी धरलेली नाही.’
– चिकोडीची लेक

बोहारणीला देऊ नकोस.

आधी सहाही साड्या धुऊन चांगल्या दोन उन्हं दे. घडीत ओल राहिली तर वाकळीच्या पोटात बुरशी धरते आणि काळे ठिपके वरपर्यंत येतात. मग एकेक साडी खिडकीसमोर धर. जिथून उजेड झिरपतो ती जागा विरलेली. घडी घालताना विरलेला भाग पोटात, धडका बाहेर. सगळ्यात चांगली एक बाजूला ठेव आणि तिला कात्री लावू नकोस. कारण विचारू नकोस.

इरकलीचं अंग सुती आणि पदर बहुतेक वेळा रेशमी, त्याचे उभे धागे अंगाच्या उभ्या धाग्यांत फासे घालून जोडलेले. धुण्यात दोघं सारखे आटत नाहीत, म्हणून पदर कापून वेगळा कर. नऊवारी म्हणजे २७ फूट. पदर गेला की साधारण २४ उरतात. चार पदरी घडी घातलीस की सहा फूट लांब आणि साडीच्या पन्ह्याएवढी रुंद वाकळ एका साडीत तयार. चारापेक्षा जास्त थर घेऊ नकोस, नवख्या हाताला सुई ओढवत नाही.

फरशीवर अंथरून, सुरकुत्या हातानं बाहेर सारून, आधी सगळीकडं वीतवीतभर अंतरावर मोठे टाके घाल. नंतर जाड सुती दोऱ्यानं धावदोरा. कडेनं सुरू कर, चारही बाजूंनी फिरत फिरत मध्यावर ये. हल्याळकडच्या सिद्दी बायका अशाच कडेकडून आत शिवत येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी बसवतात, तिला फुलं म्हणतात. तू त्या लाल पदरांची फुलं कर. उरलेल्या पदरांचा काठ लाव.

पहिल्या चार ओळी वाकड्या येतील. मी तीस वर्षं शिवणवर्ग घेतला, कुणाच्या आल्या नाहीत असं झालं नाही. त्या उसवू नकोस. थंडीपर्यंत झाली तर झाली, नाहीतर पुढच्या थंडीला.

*

‘चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. पोहे तर कडकडीत भाजते.’
– उषाताई, बेळगाव

गरम चिवडा डब्यात भरताय. परातीत पूर्ण गार होऊ द्या, मगच झाकण. गरम भरलं की वाफ झाकणाला लागते आणि परत खाली टपकते. डाळी उन्हातून आणल्यावरही हेच; गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, नाहीतर किड्यांना तुम्ही पाणीही पुरवलंत.

*

‘अक्का आजी, मी पाचवीत आहे. आम्ही राजहंसगड करतोय. दोनदा केला, दोन्हीदा बुरूज फाटला. शेतातला चिखल आणलाय, तो मस्त चिकट आहे तरी पण फाटतो. पलीकडच्या गल्लीतली पोरं सिमेंट वापरणार आहेत. आम्ही पण वापरू का?’
– येळ्ळूर

नको रे राजा. सिमेंटवर हिरवळ उगवत नाही, आणि गवत नसलेला गड म्हणजे पाण्याची टाकी.

चिखल चिकट आहे म्हणूनच फाटतो. भाताच्या शेतातली माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. आकसायला जागा नाही मिळाली की चिरते. तिला कोरडं राहणारं काहीतरी खायला घाल. दोन घमेली माती, एक घमेलं वाळू, आणि भाताचं तूस चार-पाच मुठी. तूस येळ्ळुरात कुणीही देईल. पोटात विटा, दगड, वर गोणपाट, आणि त्यावर हा गारा बोटभर जाडीचा. एकदम हातभर थापायचा नाही. एक थर झाला की ओलं गोणपाट झाकून एक दिवस सावलीत ठेव, मग दुसरा. उन्हात ठेवून पंखा लावलास ना दोन्हीदा? मला ठाऊक आहे, माझ्या नातवानं हेअर ड्रायर लावला होता.

हिरवळीला मोहरी टाकतात, पण तू अळीव टाक. ओला झाला की त्याला चिकट बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळं उभ्या कड्यावरसुद्धा बी घसरत नाही. दोन-तीन दिवसांत कोंब येतात; वसुबारसेच्या पाच दिवस आधी टाक आणि पाणी ओतू नकोस, शिंपड.

तुला दारातून खरा गड दिसतो, म्हणजे नकाशाचं काम नाही. संध्याकाळी ऊन तिरपं असताना बघ, चढ कुठं आहे आणि तट कुठं वळतो ते सावलीनं कळतं. आणि एवढं करूनही एखादी चीर पडलीच, तर पातळ गारा बोटानं भर. तरी राहिली, तर पलीकडच्या गल्लीतल्या पोरांना सांग, ती चोरवाट आहे.